शेवटच्या गाडीचा वेग

मोटारसायकलविषयीचे जे वाङ्मय आजवर आमच्या वाचनात आले, त्यातला स्वार बहुतेक वेळा एकटा आहे. सोबत कुणी असलेच तर एखादा मित्र, किंवा पाठीमागे बसलेला मुलगा. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या रॉबर्ट पर्सिग यांच्या 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स'मध्ये बाप आणि मुलगा पश्चिमेकडे निघतात. सुरुवातीला त्यांच्याबरोबर दुसऱ्या गाडीवर एक जोडपे असते. ते वाटेतून माघारी फिरते आणि ग्रंथाचा गाभा खऱ्या अर्थाने त्यानंतर उलगडू लागतो. १९५२ साली एर्नेस्तो गेव्हारा आणि आल्बेर्तो ग्रानादो एका जुन्या नॉर्टनवरून दक्षिण अमेरिका पाहायला निघाले; ती गाडी चिलीत कायमची बंद पडली, तरी पुस्तकाच्या नावात मोटारसायकल राहिलीच. टी. ई. लॉरेन्स आपल्या ब्रफ सुपीरियरवरून इंग्लंडातल्या रस्त्यांवर ज्या वेगाने जात, त्या वेगाचे वर्णन त्यांनी स्वतःच करून ठेवले आहे. या सगळ्या लेखनात मोटारसायकल हे एकांताचे, वेगाचे आणि आत्मशोधाचे वाहन आहे. मागे राहिलेल्यांविषयी त्यात फारसे काही नाही.

आम्ही लिहिणार आहोत ते याच्या नेमक्या उलट गोष्टीविषयी. अकरा गाड्या, ताशी चाळीस किलोमीटरचा वेग, दर अर्ध्या तासाने थांबा, आणि सबंध दिवसात जाऊन-येऊन जेमतेम ऐंशी-नव्वद किलोमीटर. यात पराक्रम काही नाही. नव्याने गिअरची गाडी शिकलेल्यांना आणि पुष्कळ वर्षांनी पुन्हा गाडीवर बसणाऱ्यांना धीर यावा, एवढ्याच हेतूने आम्ही एका रविवारी पुण्याहून सासवडमार्गे नारायणपूरला गेलो आणि परत आलो. तरी त्या दिवसाने आम्हाला जे शिकवले ते वर्गात शिकवताना आमच्या ध्यानात यायला हवे होते आणि आले नव्हते, असे वाटल्यावरून हे टिपण.

*

आम्ही म्हणजे एका महाविद्यालयाच्या भाषा विभागांतले काही अध्यापक, काही आजी-माजी विद्यार्थी, ग्रंथालयातल्या बाई आणि विभागातून निवृत्त झालेले एक ज्येष्ठ सर.

सांगायला संकोच वाटतो, पण या उपक्रमाचा उगम एका चुकीत आहे, आणि ती चूक आमची आहे. २०२२ च्या जुलैत आम्ही सहा-सात जण पावसात पानशेतच्या रस्त्याने गेलो होतो. नियम वगैरे काही ठरवलेले नव्हते. ज्याला जसे जमेल तसे त्याने यावे, पुढे कुठेतरी भेटूच, असा तो सैल मामला. एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी नुकतीच गाडी शिकली होती आणि मोठ्या उत्साहाने आली होती. खडकवासल्यापर्यंत ती आमच्यात होती. त्यानंतर ती आमच्यात नव्हती, हे कळायला आम्हाला बराच वेळ लागला. धरणाच्या पाण्याकाठी एका टपरीवर चहा आला, भजी आली, पावसाळी कवितांवरून थोडा वाद झाला, आणि कुणीतरी पेले मोजताना म्हणाले, एक पेला उरतोय.

मागे फिरून पाहिले तेव्हा ती रस्त्याकडेला दगडावर बसलेली होती. वळणावर डांबर सोडून चाक चिखलात गेले आणि गाडी आडवी झाली होती. आरसा फुटला होता, मनगट सुजले होते. शेतावर निघालेल्या दोन बायकांनी गाडी उचलायला मदत केली होती. फोन का केला नाहीस, असे आम्ही विचारले. तिने आमच्याकडे न पाहता सांगितले, "मला वाटलं, तुम्ही पुढे थांबला असाल. मग वाटलं, नसाल थांबला. मग म्हटलं, कशाला त्रास द्यायचा?"

तीन वाक्ये. पण आशा, निराशा आणि संकोच असा जो क्रम त्या वाक्यांत आहे, तो आमच्यापैकी अध्यापक असलेल्यांना ओळखीचा वाटला. वर्गात ज्याचे सुटते तोही याच क्रमाने गप्प होतो. सर थांबतील असे त्याला आधी वाटते, मग थांबणार नाहीत असे वाटते, आणि शेवटी शंका विचारणे हाच एक उपद्रव आहे अशी त्याची समजूत होते. आपण मात्र पुढच्या बाकांवरच्या चर्चेत रंगलेले असतो आणि चर्चा रंगली म्हणजे तास चांगला झाला असे मानून घरी जातो.

*

पुढचे काही महिने कुणीच कुठे जाण्याचे नाव काढले नाही. मग तिनेच काढले. अट एकच घातली: मोजून निघायचे आणि मोजून पोहोचायचे.

मोजून पोहोचण्याची रीत काही आम्हाला शोधून काढावी लागली नाही. जगभर मंडळी करून गाडी चालवणाऱ्यांनी ती आधीच घालून ठेवलेली आहे. सर्वांत पुढे रस्ता माहीत असलेला एक अनुभवी चालक. त्याच्या लगेच मागे सर्वांत नवखे; सर्वांत मागे नव्हे, कारण रांग जसजशी लांबते तसतसा मागच्यांना अंतर भरून काढण्यासाठी वेग वाढवावा लागतो, आणि नवख्याने तेच करू नये अशी अपेक्षा असते. रुंद, सरळ रस्त्यावर एक गाडी आपल्या पट्ट्याच्या उजव्या अंगाला, तिच्या मागची डाव्या अंगाला, म्हणजे प्रत्येकापुढे मोकळी जागा राहते. घाटात मात्र एकामागे एक. पुढच्या गाडीने एखादा खांब ओलांडला की आपण तिथे पोहोचेपर्यंत निदान दोन सेकंद गेले पाहिजेत. आणि सर्वांत शेवटी दुसरा एक भरवशाचा चालक, ज्याने कोणत्याही परिस्थितीत कुणालाही आपल्या मागे पडू द्यायचे नाही.

या सगळ्यात आम्हाला विशेष वाटला तो आरशाचा नियम. प्रत्येकाने फक्त आपल्या मागच्या एका गाडीची जबाबदारी घ्यायची. ती आरशात दिसेनाशी झाली की आपला वेग कमी करायचा. आपण हळू झालो की आपल्या पुढच्याच्या आरशातून आपण नाहीसे होतो, म्हणून तोही हळू होतो. असे करत करत ती मंदगती रांगेतून पुढे सरकते आणि अखेर सर्वांत पुढच्यापर्यंत पोहोचते. फाट्यावर वळायचे असेल तर मागच्याने आपल्याला वळताना पाहिल्याखेरीज तिथून हलायचे नाही. कुणी ओरडत नाही, कुणी फोन करत नाही, कुणी कुणाला हिणवत नाही; आणि तरीही सबंध रांगेचा वेग शेवटची गाडी ठरवते. पुढारी पुढे असतो, पण वेग त्याच्या हाती नसतो.

निघण्यापूर्वी हवा, ब्रेक, दिवे आणि साखळीचा ताण पाहून झाला. हेल्मेटवरून थोडी कुरकुर झाली, कारण अखेर आम्ही हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे काढणाऱ्या शहराचे रहिवासी. तेव्हा लॉरेन्स यांचीच गोष्ट उपयोगी पडली. मे १९३५ मध्ये सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना त्यांची गाडी घसरली आणि सहा दिवसांनी, शुद्धीवर न येताच, ते गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. त्या मृत्यूचा त्यांच्या मनावर परिणाम झाला आणि पुढे महायुद्धाच्या काळात त्यांनी लष्करी निरोप पोहोचवणाऱ्या मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला. १९४१ पासून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांनी हेल्मेटचे महत्त्व प्रस्थापित केले. वेगाचे सर्वांत सुंदर वर्णन करणाऱ्यांपैकी एक लेखक, आणि त्याच्या मरणातून आलेले हे टोपरे! कुरकुर थांबली ती या कथेमुळे की थंडीमुळे, हे सांगता येणार नाही. जानेवारी २०२३ मधली ती पहाट होती आणि कान झाकलेले सर्वांनाच बरे वाटत होते.

*

ग्रंथालयातल्या बाई आमच्यात सर्वांत नवख्या. पण 'नवख्या' हा शब्द किती फसवा आहे, ते हडपसर ओलांडण्याआधीच कळले. बाई पंधरा-सोळा वर्षे बिनगिअरची स्कूटर चालवत आलेल्या. पुण्याच्या रहदारीत पंधरा वर्षे टिकलेल्या माणसाला रस्ता शिकवायला जाणे हा उद्धटपणाच. घाबरवणारी गोष्ट वेगळीच होती. बिनगिअरच्या स्कूटरला डाव्या हाताशी जी कळ असते ती मागच्या चाकाचा ब्रेक. मोटारसायकलला त्याच जागी, त्याच आकाराची, त्याच बोटांखाली येणारी कळ म्हणजे क्लच. समोर अचानक कुणी आले की बाईंचा डावा हात पंधरा वर्षांच्या सवयीने आवळला जाई. आणि गाडी थांबण्याऐवजी इंजिनापासून सुटून मोकळी पुढे घरंगळे. थांबण्यासाठी केलेली कृतीच त्यांना पुढे ढकलत होती.

वडकीच्या अलीकडे थांबलो तेव्हा बाई म्हणाल्या, "मला काही येत नाही असं नाही हो. जे येतं तेच आडवं येतं."

दिवे घाट चढताना त्यांची गाडी दोनदा बंद पडली. चढावर अर्धा क्लच धरून गाडी उठवणे हे ऐकायला सोपे आहे. एका हाताने सोडायचे, दुसऱ्याने वाढवायचे, पायाने धरून ठेवलेले हळूच मोकळे करायचे, आणि या तिन्ही क्रिया एकमेकींचे ऐकत व्हायला हव्यात. दोन्ही वेळा मागची सगळी रांग थांबली. कुणी हॉर्न वाजवला नाही. उजवीकडे खाली मस्तानी तलाव उन्हात चमकत होता. थांबणे भाग पडले म्हणून तो आम्ही सावकाश पाहिला. तिसऱ्या प्रयत्नात गाडी उठली आणि घाटमाथा येईपर्यंत थांबली नाही.

दिवे घाट हा आषाढी वारीचा घाट. पुण्याहून निघाल्यावर हडपसरला दोन्ही पालख्यांच्या वाटा वेगळ्या होतात. तुकोबांची पालखी लोणीकडे जाते आणि माउलींची हा घाट चढून सासवडला. पुणे ते सासवड ही त्या वाटेवरची सर्वांत लांब मजल. घाट चढताना रथाला जादा बैलजोड्या लावाव्या लागतात. दिंड्यांना क्रमांक असतात, रथापुढच्या सत्तावीस आणि मग रथामागच्या. चुकलेल्या वारकऱ्याला आपल्या माणसांची नावे सांगत फिरावे लागत नाही. रथापुढे की रथामागे आणि कितवी दिंडी, एवढे त्याने सांगितले की त्याला वाट दाखवता येते. लाखो पावलांच्या त्या प्रवाहात हरवण्याची शक्यता गृहीत धरून सापडण्याची व्यवस्था केलेली आहे. आमच्या पानशेतच्या फेरीत आम्ही नेमके उलटे केले होते. कुणी हरवणार नाही असे गृहीत धरून सापडण्याची सोयच ठेवली नव्हती.

इथे इरावती कर्वे यांची आठवण अटळ आहे. 'परिपूर्ती'तला 'वाटचाल' हा लेख आपण सर्वांनी कधी ना कधी शिकला किंवा शिकवला आहे. पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या स्त्रियांत त्यांचे नाव घेतले जाते, हे मात्र तो लेख शिकवताना आम्ही कधी सांगितले नव्हते. चालत वारी करणारी आणि स्कूटरवरून शहरात हिंडणारी ही एकच बाई. त्या लेखात त्या वारीने भारावतात, पण एकाच दिंडीत भजन एकत्र आणि जेवण मात्र जातीनुसार वेगळे, ही गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटत नाही. एकत्र चालणे म्हणजे एक होणे नव्हे, हे त्यांनी प्रेमाने आणि निर्भीडपणे नोंदवले.

ती तुलना ताणण्यात अर्थ नाही. तरी सासवडला संगमेश्वराच्या अलीकडे गाड्या उभ्या केल्या तेव्हा आम्हाला आमच्याकडे पाहावेसे वाटले. मोठ्या गाड्या एका बाजूला लागल्या होत्या, शंभर-सव्वाशे सीसीच्या दुसऱ्या. कुणी ठरवून लावल्या नव्हत्या. मोठ्या गाड्यांचे मालक एकमेकांशी टायरविषयी बोलत होते, छोट्या गाड्यांवरची मुले सरासरीविषयी. एका लिटरला किती जाते हा प्रश्न एका गटात विचारण्याजोगा होता, दुसऱ्यात नव्हता. ताशी चाळीसच्या वेगाने रस्त्यावर आम्हाला सारखे केले होते. थांबलो की पुन्हा आपापल्या जागी. मुलांपैकी एकाने ते बोलूनही दाखवले: "सर, चालत्या गाडीवरच समता आहे." आम्ही हसलो. पण पुढच्या थांब्याला गाड्या मिसळून लावल्या गेल्या, आणि तेही कुणी सांगितले नाही.

*

आता ज्येष्ठ सरांविषयी.

सरांनी १९८६ साली बुलेट घेतली होती. त्या काळच्या बुलेटचा विधी आमच्यातल्या तरुणांना त्यांनी चहा पिताना साभिनय सांगितला. आधी डीकॉम्प्रेशनची कळ दाबून किक हलकेच फिरवायची, अँपिअरचा काटा मध्यावर आला की कळ सोडायची, आणि मग सगळे वजन टाकून किक मारायची. चुकले तर किक उलटी येऊन पोटरी सोलून काढणार. पुतण्याकडून मागून आणलेल्या आजच्या गाडीला बटण आहे, किक नाहीच. सकाळी निघताना सरांचा उजवा पाय क्षणभर नसलेल्या किककडे गेला होता, ते आम्ही पाहिले होते आणि न पाहिल्यासारखे केले होते.

२००१ साली सरांनी ती बुलेट विकली. रस्त्यावर सांडलेल्या तेलावरून गाडी घसरली होती आणि मागे बसलेल्या बाईंचे, म्हणजे सरांच्या पत्नीचे, गळ्याजवळचे हाड मोडले होते. त्या बऱ्या झाल्या; त्यांनी कधी शब्दानेही दोष दिला नाही. सरांनी महिन्याभरात गाडी काढून टाकली आणि पुढची बावीस वर्षे बसने, रिक्षाने, चालत काढली. पुन्हा गाडीवर बसावे असे त्यांना का वाटले, ते त्यांनी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. पत्नीने निघताना एकच सांगितले होते: "पोहोचल्यावर फोन नको. थांबाल तिथून प्रत्येक ठिकाणाहून करा." सर प्रत्येक थांब्याला जरा बाजूला जाऊन फोन करत होते. बोलणे दोन वाक्यांचे असे.

परत येणाऱ्याची अडचण नवख्याहून वेगळी असते, कारण त्याला मान असतो. आमच्या रीतीप्रमाणे सरांनी पुढाऱ्यामागे, बाईंच्या शेजारच्या क्रमांकावर राहायला हवे होते. पण नारायणपूरहून निघताना ते आपणहून मागे सरकत गेले. आपल्यामुळे इतरांना हळू जावे लागू नये, असे त्यांना वाटत असणार. अडवायचे कुणी? त्यांच्याच हाताखाली आम्ही शिकलेलो. सासवड मागे पडले तेव्हा ते शेवटून दुसरे होते. त्यांच्या मागे फक्त शेवटची गाडी होती.

ती शेवटची गाडी पानशेतच्या रस्त्यावर मागे राहिलेल्या त्या विद्यार्थिनीची होती. मधल्या सहा महिन्यांत ती रोज गाडीने महाविद्यालयात येत होती आणि हात चांगला बसला होता. शेवटी राहण्याची जागा तिने मागून घेतली होती. "मागे राहिल्यावर काय वाटतं ते मला ठाऊक आहे," एवढेच कारण तिने दिले होते.

*

इथे थोडे यंत्राविषयी सांगायला हवे. आज कोणत्याही मोटारसायकलवर बसले तर डाव्या पायाशी गिअर आणि उजव्या पायाशी मागचा ब्रेक असतो. ही मांडणी स्वाभाविक वाटते, पण ती रूढी आहे. जुन्या इंग्रजी गाड्यांत बहुधा उलटे असे: गिअर उजवीकडे, ब्रेक डावीकडे. १९७० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेच्या सुरक्षा-नियमांनी डावा गिअर सक्तीचा केला आणि जगातले कारखाने हळूहळू त्या बाजूला वळले. १९८० च्या दशकात आपल्याकडे जपानी सहकार्याने शंभर सीसीच्या गाड्या आल्या त्या डाव्या गिअरच्याच. १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागलेली बुलेट मात्र आपल्या इंग्रजी वळणाला पुढे कितीतरी वर्षे धरून राहिली. तिच्यात पहिला गिअर वर आणि बाकीचे खाली. आजच्या गाड्यांत पहिला खाली आणि बाकीचे वर. म्हणजे सरांचे दोन्ही पाय जी भाषा शिकले होते, ती या नव्या गाडीवर आरशात पाहून वाचावी तशी उलटी झाली होती.

दिवसभर सर विचारपूर्वक चालवत होते म्हणून अडचण आली नाही. उतरताना घाटात गाडी न्यूट्रल करू नका, गिअरमध्येच ठेवा, म्हणजे इंजिनच गाडी आवरून धरते, ही सूचना त्यांनी स्वतःच इतरांना दिली होती. अर्ध्या घाटात, एका वळणावर, वर चढणाऱ्या ट्रकला ओलांडत एक मोटार आमच्या बाजूला आली. पुढच्या गाड्या कडेने निघून गेल्या. सरांच्या पायाला विचार करायला वेळ मिळाला नाही. त्यांनी डावा पाय दाबला. १९८६ साली त्या जागी ब्रेक होता.

आता तिथे गिअर होता. गाडी एकदम खालच्या गिअरमध्ये गेली, मागचे चाक हिसका देऊन डोलले, इंजिन किंचाळले. मोटार हातभर अंतरावरून निघून गेली. सरांनी पुढचा ब्रेक धरला असावा. गाडी कठड्यापासून थोड्या अंतरावर, बंद पडून, उभी राहिली. सर पाय टेकून बसून होते. पडले नव्हते.

पुढचे आम्हाला नंतर कळले, कारण आम्ही पुढे होतो. शेवटच्या गाडीने आपली गाडी सरांच्या मागे, रस्त्याच्या अंगाला तिरपी लावली, चारही दिवे लुकलुकते ठेवले, म्हणजे वरून येणाऱ्याला आधी ती दिसावी. मग ती सरांजवळ जाऊन उभी राहिली. काही बोलली नाही. सरांनी हेल्मेट काढले. थोड्या वेळाने सर म्हणाले, "पाय चुकला." ती म्हणाली, "हो सर. थांबू या आपण. पुढचे थांबतील."

आणि पुढचे थांबले होते. आरशातून सरांची गाडी नाहीशी झाल्याबरोबर त्यांच्या पुढचा हळू झाला, त्याच्या पुढचा हळू झाला, आणि घाटाच्या पायथ्याशी सबंध रांग कडेला उभी राहिली. पानशेतला जे कळायला एक उरलेला पेला लागला होता, ते इथे मिनिटाभरात कळले होते.

*

वडकीला उसाच्या रसाच्या गुऱ्हाळापाशी आम्ही बराच वेळ बसलो. कुणी सरांना धीराचे शब्द सांगितले नाहीत. तेवढे शहाणपण आमच्यात एव्हाना आले असावे. बोलले ते सरच, आणि ग्रंथालयातल्या बाईंशी. "तुमचा हात आणि माझा पाय, एकच दुखणं आहे. मला वाटत होतं तुम्ही शिकताय आणि मी आठवतोय. आठवण हीच माझी चूक निघाली."

आम्ही सगळे वाङ्मयाचे लोक. कोरी पाटी घेऊन कुणी वाचायला येत नाही, हे विधान आम्ही वर्षानुवर्षे करत आलो आहोत. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी चित्रपटगीते, कीर्तने, घरातली भांडणे, शाळेत पाठ केलेल्या कविता असे कितीतरी घेऊन आलेला असतो आणि त्याच कळा दाबून नवी कविता थांबवू पाहतो. ती थांबत नाही, घरंगळते. आपण म्हणतो, याला काही येत नाही. खरे तर जे येते तेच आडवे आलेले असते. आणि वीस वर्षांनी एखाद्या पुस्तकाकडे परतणारा जाणता वाचक? त्याची अडचण आणखी बिकट, कारण त्याला येते असे सगळे धरून चालतात, आणि तोही मागे सरकत जाऊन कुणाला दिसेनासा होतो. आपण विधान करत आलो, पण त्याला लागणारा वेळ मात्र कधी दिला नाही. संथपणा म्हणजे दुर्बळांना दिलेली सवलत, असे आम्ही मानत होतो. चुकलेल्या पायाला चुकले हे कळून दुसरा पाय उचलता येईल एवढी फट मिळावी म्हणून तो असतो, हे आम्हाला दिवे घाटात कळले. ताशी साठच्या वेगात ती फट मिळाली नसती.

या बोधाने आमचे वर्ग उद्यापासून बदलतील असा दावा नाही. अभ्यासक्रमाला परीक्षेची तारीख असते आणि रस्त्याला ती नसते. हा फरक लहान नाही. तरी मागच्या बाकावरचा एखादा दिसेनासा झाला की आपण हळू व्हायचे, एवढे करून पाहण्याचे आमच्यातल्या काहींनी ठरवले. कितपत जमले ते विद्यार्थीच सांगू शकतील.

उठण्यापूर्वी सर नेहमीप्रमाणे बाजूला गेले आणि त्यांनी घरी फोन केला. या वेळी बोलणे दोन वाक्यांत संपले नाही. लांब असल्याने आम्हाला सगळे ऐकू आले नाही, आणि ऐकायचेही नव्हते. सरांनी घडले ते सगळे सांगितले असावे, कारण पलीकडून बराच वेळ काही येत नव्हते. मग काहीतरी विचारले गेले. सरांनी वळून गाड्यांच्या रांगेकडे पाहिले, आणि शेवटच्या गाडीपाशी हेल्मेट काखेत घेऊन उभ्या असलेल्या मुलीकडे पाहत ते म्हणाले, "होती ना. मागे होती."

मग त्यांनी फोन ठेवला आणि निघताना, न सांगता, पुढाऱ्याच्या मागच्या जागी गाडी आणून लावली. आम्ही मोजले. अकरा होत्या.